खरवस आणि बाबांची कुपी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

इन्सुलिनची कुपी बर्फाच्या कप्प्याला चिकटून गोठली आणि वितळल्यावर स्वच्छ दिसली, म्हणून बाबांनी ती पुन्हा वापरायला काढल्याचे आईने काल फोनवर सांगितले. ती कुपी कृपा करून टाकून द्या. कारण सांगितल्याशिवाय बाबांना "नको" कधीच पटत नाही, म्हणून हे पत्र.

इन्सुलिन हे प्रथिन आहे आणि प्रथिनाची रचना चार पातळ्यांवर समजून घेतात. पहिली पातळी अमिनो आम्लांच्या, म्हणजे प्रथिनाची साखळी ज्या लहान घटकांनी बनते त्यांच्या, क्रमाची. इन्सुलिनमध्ये २१ आणि ३० अशा दोन साखळ्यांत मिळून ५१ अमिनो आम्ले असतात. हा क्रम केंब्रिजचे शास्त्रज्ञ फ्रेडरिक सँगर यांनी शोधून काढला आणि त्यासाठी त्यांना १९५८ चे नोबेल मिळाले. दुसऱ्या पातळीवर साखळीचे काही भाग मळसूत्रासारखा पीळ घेतात. तिसऱ्यावर अख्खा रेणू घड्या पडून ठरावीक आकाराचा होतो, आणि गंधकाचे तीन टाके तो आकार सांधून धरतात. हा आकार उलगडण्यासाठी ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ डोरोथी हॉजकिन १९३५ मध्ये कामाला लागल्या आणि १९६९ मध्ये त्यांना यश आले. मला त्यांच्या चिकाटीचे सँगरांच्या कामाहूनही अधिक अप्रूप वाटते.

चौथी पातळी बाबांच्या रोजच्या अनुभवातली आहे. कुपीतले रेणू सुटे नसतात, ते जस्ताच्या आधाराने सहा-सहांचे गट करून राहतात. टोचल्यानंतर हे गट हळूहळू फुटतात आणि सुटा रेणूच पेशीवर काम करू शकतो. म्हणून तर बाबांचे साधे इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यावे लागते.

आई, तू चीक वाफवतेस तेव्हा त्यातल्या प्रथिनांचा क्रम तोच राहतो, मात्र घड्या उलगडतात, साखळ्या एकमेकींत गुंततात आणि खरवस जमतो. तो थंड केला म्हणून त्याचा पुन्हा चीक होत नाही. इन्सुलिनला उष्णता जशी बाधते, तसे गोठणेही बाधते: क्रम शाबूत राहूनही रेणूंच्या घड्या आणि गट बिघडतात व त्यांच्या गुठळ्या होऊ शकतात. सगळेच रेणू बिघडतात असे नाही. पण किती बिघडले हे डोळ्यांना कळत नाही, आणि मग बाबांनी मोजून घेतलेल्या दहा युनिटांत कामाची किती, हे कोणालाच सांगता येणार नाही.

नवी कुपी २ ते ८ अंशांत, मधल्या फळीवर पुढच्या बाजूला, लिंबाच्या लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवा.

तुमची लेक