सुखाबद्दल, हिंजवडीच्या मित्रास

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "फ्लॅट झाला, गाडी झाली, पगारही वाढला, पण आतून बरं वाटत नाही रे." असल्या गोष्टी फोनवर नीट बोलता येत नाहीत, म्हणून सवडीने लिहितोय.

आधी एक सांगतो, तुझ्यात काही बिघाड झालाय असं मला वाटत नाही. १९७८ साली मानसशास्त्रज्ञ फिलिप ब्रिकमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये लॉटरी लागलेल्या २२ जणांना गाठलं. त्याच भागातल्या, लॉटरी न लागलेल्या २२ जणांनाही तेच प्रश्न विचारले. लॉटरीवाले इतरांपेक्षा फारसे सुखी निघाले नाहीत. मला मात्र खरा चटका लावला तो पुढच्या भागाने. मित्राशी गप्पा, सकाळचा नाश्ता, एखादा विनोद, कुणी केलेलं कौतुक, या रोजच्या गोष्टींतला त्यांचा आनंद इतरांपेक्षा कमी होता. एवढ्याशा लोकांवरून सगळ्या जगाचा निकाल लावू नये, हे खरं. तरी मोठ्या सुखाच्या उजेडात लहान सुखं फिकी पडतात, हे मी आपल्या ओळखीच्या किती घरांत पाहिलंय!

तू गेल्यापासून आपल्या कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर आलाच नाहीस. दिवेलागणीला तिथे अजूनही म्हशी उभ्या असतात. गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसाळलेला कोमट पेला हातात देतात. तालमीतली पोरं येतात, पेन्शनर येतात, आईचं बोट धरून लहान मुलं येतात आणि ओठांवर फेसाच्या मिशा घेऊन परत जातात. दूध उभ्याउभ्याच प्यायचं. तेवढ्यात शेजारचा माणूस विचारतो, "काय, वडील बरे आहेत न्हवं?" त्याचं नाव मला ठाऊक नसतं, पण माझ्या वडिलांचं ऑपरेशन त्याच्या ध्यानात असतं. माझ्या दिवसातला हा सर्वांत भरलेला वेळ आहे, आणि हे मी अगदी मनापासून लिहितोय.

हे वाचून "साधेपणात सुख असतं" असा उपदेश मी करतोय असं समजू नकोस. मला तो उपदेश आवडत नाही. ज्याची म्हैस असते त्याला पहाटे उठावं लागतं, वैरण-पेंडीचा खर्च निघत नाही म्हणून त्याचा जीव टांगणीला लागतो. त्याच्या ओढगस्तीला आपण सुख म्हणायचं, हा अन्याय आहे. पैसा लागतोच. तुझ्या पगारावर आईचं औषधपाणी चाललंय, पोरीची फी भरली जातेय, आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

माझं म्हणणं वेगळं आहे. सुख रोजच्या रोज मिळतं, पण ते घ्यायला आपण तिथे हजर असावं लागतं. २०१० साली किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट या दोन मानसशास्त्रज्ञांनी २,२५० माणसांना फोनमधल्या ॲपवरून दिवसात मधूनच कधीही विचारलं, आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे? जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतंच, आणि मन भरकटलेलं असताना माणसं कमी सुखी होती. सुखाच्या विचारात रमलेलं मनसुद्धा हातातल्या कामात असलेल्या मनापेक्षा जास्त सुखी नव्हतं! हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. पोरगी चित्र दाखवायला येते तेव्हा तुझ्या डोक्यात उद्याची मीटिंग असते, असं तूच सांगितलंस. तिथेच काहीतरी निसटतंय रे. घर लहान होतं तेव्हाही हे होऊ शकलं असतं. पण तेव्हा आपल्याला दारातून हाक मारणारं कुणीतरी होतं, आणि त्या हाकेने मन जागेवर यायचं. तुझ्या सोसायटीत अशी हाक कोण मारतं? नसेल कुणी, तर तू मारायला लाग. समोरच्या दाराची बेल वाजव आणि नुसतं विचार, जेवलात का?

पंचगंगेला पाणी चढायच्या आत चार दिवस काढून ये. वहिनींना आणि पोरीला घेऊन ये. म्हैस पाहून ती घाबरेल, मग हट्टाने जवळ जाईल. आईच्या गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले ते मात्र आधी कळव.

तुझाच,
कोल्हापूरचा मित्र