रायफल कुठलीही घ्या, सुट्या भागांचे बोला

महोदय,

लष्कराने रायफल देशात बनवावी की बाहेरून विकत घ्यावी, यावर आपल्या पानावर चाललेला वाद वाचतो आहे. दोन्हीकडची मंडळी किंमत, पल्ला आणि आत्मनिर्भरता यापुढे जायला तयार नाहीत. माझी नोकरी मुंबई पोलिसांच्या शस्त्रागारात गेली. तिथे बसून हा प्रश्न जरा वेगळा दिसतो, म्हणून हे पत्र.

आमच्याकडे एसएलआर नावाची रायफल होती. घोडा दाबला की एक गोळी सुटणार आणि पुढची आपोआप चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खणात येणार. मूळ बनावट बेल्जियमची, पण आमच्या हातात आली ती पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यातली. १९६२ मध्ये आपले जवान दर गोळीला बोल्ट ओढायच्या थ्री नॉट थ्री घेऊन चिनी फौजेसमोर उभे राहिले, त्यानंतर ही आली. वजनाला जड आणि लांबीला आडमाप. बंदोबस्ताच्या गाडीत दहा जण कोंबले की या रायफलींचे करायचे काय, म्हणून शिपाई वैतागायचे. पण विसर्जनाचा बंदोबस्त आटोपून, भर पावसात चौपाटीचा खारा वारा खाऊन त्या परत आल्या की पुढचे सगळे आम्हाला पाठ होते. पुलथ्रूने, म्हणजे चिंधी लावलेल्या दोरीने नळी पुसायची, गॅस प्लग काढून गोळीच्या गॅसवर चालणाऱ्या पिस्टनवरची काजळी खरवडायची, गॅस कमीजास्त करणारा रेग्युलेटर फिरतो का बघायचे. मग एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे रिकामी पुंगळी बाहेर ओढणारा आकडा. त्याची नखी झिजली की रिकामी पुंगळी चेंबरमध्येच अडकून बसते आणि शिपायाच्या हातात महागडा दांडका उरतो. तो एवढासा तुकडा बदलायचा तर मागणीपत्र देशातल्याच कारखान्याकडे जायचे. उशीर व्हायचा, कागद गहाळ व्हायचे, स्मरणपत्रांवर स्मरणपत्रे जायची, पण भाग यायचा.

म्हणून देशी ते सगळे चांगले, असे मी म्हणणार नाही. एसएलआरनंतर आलेल्या इन्सास या देशी रायफलीचा आराखडा पुण्यातला, बनली इशापूरलाच, आणि १९९९ मध्ये कारगिलच्या थंडीत तिची प्लास्टिकची मॅगझिने तडकली. रायफल वापरणाऱ्याला कारखान्यात कोणी विचारत नसेल तर कारखाना इशापूरला असला काय आणि अमेरिकेत असला काय, सारखेच.

शिवाय ‘थांबा, आपली तयार होतेय’ हे उत्तर मुंबईकराला देऊ नये. २६/११ ला सीएसटीवर आमच्या लोकांकडे लाठ्या आणि थ्री नॉट थ्री होत्या, समोर एके-४७. गिरगाव चौपाटीजवळ तुकाराम ओंबळे यांनी तर कसाबची बंदूक हातांनीच धरून ठेवली. गरज आज असेल तर आज विकत घ्यावे, त्यात कमीपणा कसला? २०१९ मध्ये लष्कराने ७२,४०० सिग-७१६ रायफली अमेरिकी कंपनीकडून तातडीच्या मार्गाने घेतल्या, ते मला पटले होते. पण २०२४ मध्ये त्याच रायफलीची आणखी ७३,००० ची मागणी नोंदवली गेली, तेव्हा तातडी कसली होती? मधली पाच वर्षे कुठे गेली? अमेठीजवळच्या कोरव्याला एके-२०३ ही रशियन बनावटीची रायफल देशातच बनवायच्या कारखान्याचे उद्घाटन मार्च २०१९ मध्ये झाले आणि सहा लाखांहून जास्त रायफलींचा करार डिसेंबर २०२१ मध्ये. आधी फीत कापली, मग भाव ठरवला. आमच्याकडे साधे कपाट घ्यायचे तरी उलट क्रमाने घेतात.

माझा भाचा टेक्सासला असतो. तिकडे लोक हौसेने सुटे भाग मागवून घरी रायफल जोडतात म्हणे, आणि तयार घेण्यापेक्षा स्वस्त पडते की नाही यावर तासन् तास वाद घालतात. आपल्याकडे विनापरवाना शस्त्र बनवले तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप. ते तसेच राहो. पण त्या हौशी लोकांची एक गोष्ट आपल्या खरेदी समित्यांनी उचलावी: कुठला भाग कोण बनवतो, कशाला बसतो आणि पुन्हा कुठे मिळेल हे त्यांना तोंडपाठ असते.

गोळ्यांचे तरी बरे आहे, जळगाव जिल्ह्यात वरणगावला त्या बनतात. बाकीचे काय? आपल्या दिल्लीच्या प्रतिनिधीने संरक्षण खात्याला एवढेच विचारावे, की या दीड लाखाच्या आसपास सिग रायफलींचे एक्स्ट्रॅक्टर, स्प्रिंगा आणि मॅगझिने पुढची वीस वर्षे कोण पुरवणार आणि त्याचा दर करारात आजच ठरला आहे का. उत्तर मिळाले तर ठळक छापा. ‘माहिती देता येत नाही’ म्हणाले तर तेही छापा.

आपला,
एक निवृत्त हवालदार, नायगाव, मुंबई