यॉटवरच्या नोकरीचा लेख वाचला, पण कूकच्या झोपेचं काय?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत शिडाच्या यॉटवरच्या नोकऱ्यांबद्दल लेख आला होता, निळं पाणी, ग्रीसची बेटं, फुकटात जग बघा आणि वर पगार युरोमध्ये, असा सगळा सूर. रत्नागिरीकडच्या आमच्या गावातल्या पोरांनी तो मला लगेच फॉरवर्ड केला, दादा आम्हाला पण कुठेतरी चिकटव म्हणून. मी चार्टरच्या यॉटवर कूक आहे, उन्हाळाभर ग्रीसच्या समुद्रात असतो, त्यामुळे लिहिल्याशिवाय राहवेना. नोकरी वाईट आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही, मला हे काम मनापासून आवडतं. पण अख्ख्या लेखात कामाचे तास आणि झोप यावर एक ओळ नव्हती, आणि खरं तर सुरुवातच तिथून व्हायला पाहिजे होती.

चार्टर म्हणजे पाहुणे अख्खी यॉट भाड्याने घेतात, बहुतेक शनिवार ते शनिवार. पाहुणे जास्तीत जास्त १२, त्यापुढे गेलात की ती पॅसेंजर शिप धरली जाते आणि नियमच बदलतात. आमच्या बोटीवर पाहुणे आठ, क्रू पाच, आणि त्या पाचात स्वयंपाकाला मी एकटा. पहाटे साडेपाचला पावाचं पीठ मळायला घेतो, मग क्रूचा नाश्ता, मग पाहुण्यांचा नाश्ता जो कोणी नऊला करतं कोणी अकराला, बाराला क्रूचं जेवण, दोनला पाहुण्यांचं, मध्ये पोहून आले की खायला काहीतरी, सहाला पुन्हा क्रू, आणि पाहुण्यांचं रात्रीचं जेवण नऊ-साडेनऊला सुरू झालं की गोड खाऊन उठेपर्यंत मध्यरात्र. त्यानंतर गॅली, म्हणजे बोटीवरचं स्वयंपाकघर, धुवायची. शनिवारी हे पाहुणे सकाळी उतरतात, नवे संध्याकाळी चढतात, मधल्या वेळात आठवड्याचा बाजार.

हे सगळं बोट स्थिर असताना. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रात उत्तरेकडून मेल्टेमी वारा सुटतो, तो कधीकधी दिवसेंदिवस थांबत नाही, आणि शिडं भरली की बोट एका बाजूला कलते ती तासन् तास तशीच. स्टोव्ह झुलता असतो म्हणून तो सपाट राहतो, पण ओटा कललेलाच. पातेलं सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंनी दांड्या आवळायच्या, स्वतःच्या कंबरेमागून पट्टा अडकवायचा म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. कितीही उकडत असलं तरी फुलपँट आणि लांब एप्रन हवाच, कारण उकळतं पाणी मांडीवर आलं तर डॉक्टर काही तासांच्या अंतरावर. अशा वेळी तळण बंद म्हणजे बंद. चहा ओतायचा तो कप सिंकमध्ये ठेवून, तोही अर्धाच. अशा हवेत प्रेशर कुकरसारखं दुसरं भांडं नाही, झाकण घट्ट बसलेलं, सांडायचं नावच नाही, मुगाची खिचडी लावली की क्रूमधली सगळीजणं, कुठल्या का देशाची असेनात, वाडगा धरून उभी.

बाजाराचं पण एक शास्त्र आहे. पुठ्ठ्याचा खोका बोटीवर चढवायचाच नाही, सगळं धक्क्यावरच काढून घ्यायचं, कारण खोक्याच्या घड्यांमध्ये झुरळाची अंडी असतात आणि एकदा झुरळं झाली की संपलंच. टोमॅटो कच्चे घ्यायचे म्हणजे आठवडाभर एकेक करून पिकतात, कोबी आठवडे टिकतो. वारा वाढला की फेरीबोटी बंद होतात आणि छोट्या बेटांवर दुकानात ताजी भाजी उरत नाही, मग अथेन्सहून जे भरलं त्यावरच भागवायचं.

आता मूळ मुद्दा. मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शन २००६ हा समुद्रावरच्या कामगारांचा कायदा आहे, ऑगस्ट २०१३ पासून लागू, भारताने पण २०१५ मध्ये मान्य केला. त्यात २४ तासात कमीत कमी १० तास आणि सात दिवसात ७७ तास विश्रांती सांगितली आहे, तिचे दोनच तुकडे करता येतात आणि त्यातला एक निदान सहा तासांचा. तासांची नोंद ठेवायची, त्याची प्रत आपल्याला मिळायला हवी. जेवण फुकट, आणि ते क्रूच्या धर्माचा, चालीरीतींचा विचार करून. चार्टरची यॉट ही धंद्याची बोट, म्हणून झेंडा ज्या देशाचा, म्हणजे बोटीची नोंदणी जिथे, त्याने कायदा मान्य केला असेल तर तो तिला लागू होतो, पण मालकाची निव्वळ खाजगी वापराची बोट यातून सुटते. हा फरक सही करायच्या आधी विचारायचा असतो हे पोरांना कोणी सांगतच नाही. मी पूर्वी एका बोटीवर होतो तिथे महिनाअखेरीला तासांचा कागद आधीच भरून समोर यायचा, रोज बरोबर १० तास विश्रांती, खाली फक्त सही करा.

हे मी नुसतं कुरकुरत नाहीये. कूक आधी खलाशी असतो आणि मग कूक. आग लागली, पाणी शिरलं तर त्यालाही ड्यूटी लावलेली असते, आग विझवायचं आणि जीव वाचवायचं ट्रेनिंग त्यानेही केलेलं असतं. चार तास झोपलेल्या माणसाकडून रात्री तीनला काय अपेक्षा करणार? १९ ऑगस्ट २०२४ ला पहाटे सिसिलीजवळ नांगरलेली बेझियन ही ५६ मीटरची शिडाची यॉट वादळात बुडाली. बोटीवर २२ जण, सात गेले. क्रूमधले १० पैकी नऊ वाचले, गेला तो एकटा कूक, रेकाल्डो थॉमस. थकव्याचा आणि त्या अपघाताचा संबंध मी जोडत नाहीये. पण आपल्याकडच्या बातम्या बोटीच्या किमतीने आणि तिच्यावरच्या माइक लिंच या उद्योगपतीच्या संपत्तीने भरल्या होत्या, आणि त्या कूकला जेमतेम एक ओळ मिळाली याचं मला अजून वाईट वाटतं.

हल्ली आपली मराठी कुटुंबं पण ग्रीस-क्रोएशियाला यॉट घ्यायला लागली आहेत, छानच आहे. त्यांना एक विनंती, आधी जो आवडीनिवडीचा फॉर्म येतो तो नीट भरा हो. कांदा-लसूण चालत नाही, उपवास आहे, आजींना मऊ भात लागतो, सगळं लिहा, आम्ही आनंदाने करतो. पण हे चढल्यावर कळलं तर त्या छोट्या बेटावर काही मिळत नाही आणि एका माणसाने रात्री दोन वेगळे स्वयंपाक करायचे म्हणजे ते तास त्याच्या झोपेतूनच जातात.

आणि एजंटचं. नोकरी लावून देतो म्हणून खलाशाकडून पैसे घेणं याच कायद्यात बंद आहे, मेडिकल, पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं ओळखपुस्तक) असला खर्च आपला, बाकी एक रुपया द्यायचा नाही. डीजी शिपिंग या केंद्र सरकारच्या जहाज खात्याच्या वेबसाइटवर परवाना असलेल्या एजन्सींची यादी असते, ती आधी बघायची. आमच्याकडे दागिने गहाण टाकून पैसे भरलेली घरं आहेत.

तर पुढच्या वेळी असा लेख कराल तेव्हा फोटोच्या शेजारी एक चौकट टाका, विश्रांतीचे ते दोन आकडे, करारावर काय काय बघायचं आणि ती यादी कुठे मिळते. पोरांना मी फोनवर सांगतोच आहे, पण तुमचा पेपर त्यांचे आईवडील वाचतात आणि पैसे तेच भरतात.

आपला,
एक यॉट कूक, जि. रत्नागिरी
(नाव छापू नये ही विनंती)