धडधाकट दिसणाऱ्यांचा थकवा

मा. संपादक,

निवडणुका जवळ आल्या की शिक्षकांच्या ड्युटीच्या याद्या निघतात आणि पाठोपाठ ड्युटी चुकवणाऱ्यांच्या बातम्याही येतात. चुकवणारे असतातच, ते मी नाकारत नाही. पण सवलत मागणारा प्रत्येकजण कामचुकार नसतो.

मला ॲडिसनचा आजार आहे. मूत्रपिंडांच्या वर असलेल्या ॲड्रिनल ग्रंथी माझ्या शरीरात कॉर्टिसॉल, म्हणजे ताण आणि आजारपण झेलायला लागणारं संप्रेरक, तयार करत नाहीत. थॉमस ॲडिसन यांनी 1855 मध्ये या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा क्षयामुळे ग्रंथी निकामी होणं हे मोठं कारण होतं. माझ्या बाबतीत शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथींवर उलटली. त्याची उणीव भरून काढणाऱ्या हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडच्या गोळ्या आता जन्मभर.

निरोगी माणसाचं शरीर पहाटेपासूनच कॉर्टिसॉल वाढवू लागतं. ताप आला, अपघात झाला की आपणहून जादा सोडतं. आमचं म्हणजे ठरल्या वेळी येणाऱ्या नळाच्या पाण्यासारखं. सकाळी उठल्याबरोबर मोठा डोस, दुपारी लहान. दुपारची गोळी तासभर लांबली तरी फळ्यावर लिहिताना हात जड होतो, समोरच्या मुलाचं नाव आठवत नाही. म्हणून गणित पहिल्या तासाला आणि वह्या तपासणं सुट्टीनंतर बसून, असं वेळापत्रक मुख्याध्यापकांनी लावून दिलं आहे. डब्यासोबत मीठ घातलेल्या ताकाची बाटली असते, कारण या आजारात शरीरातून मीठ निघून जातं आणि उभं राहिल्यावर रक्तदाब उतरतो. 'या वयात एवढं मीठ?' असं स्टाफरूममध्ये अजूनही कुणीतरी विचारतंच.

दमलं की एक गोळी जास्त घ्यावी, हा मोह रोजचा. पण सतत जादा डोस घेतला तर हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. उशिरा घेतला तर झोप उडते. वाढीव डोस तापासाठी, आजारपणासाठी. तेव्हा तो डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दुप्पट-तिप्पट करावाच लागतो, आणि उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन. ते वेळेत मिळालं नाही तर जीवावर बेततं. 'स्टेरॉइड वाईट, सोडून दे' म्हणणाऱ्या नातेवाइकांना हे कोण सांगणार!

आता मतदानाची ड्युटी पाहा. आदल्या दिवशी उन्हात रांगेत उभं राहून साहित्य घ्यायचं, केंद्रावरच मुक्काम, पहाटे साडेपाचला मॉक पोल म्हणजे मशीनवरचं चाचणी मतदान, संध्याकाळपर्यंत जागेवरून हलायचं नाही आणि मशीन जमा करायला रात्र. जेवणाची, झोपेची वेळ कुठलीच धड नाही. गेल्या खेपेला सवलतीसाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र घेऊन गेले, तर कारकुनाने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "मॅडम, तुम्हाला तर काहीच झालेलं दिसत नाही."

मला काम नको असं नाही. मतदारयादीचं काम, प्रशिक्षणाची नोंदणी, कार्यालयातलं दिवसाचं बैठं काम मी आनंदाने करीन. अशा दीर्घ आजारांची नोंद सेवापुस्तकात एकदाच व्हावी आणि त्याप्रमाणे कामाचा प्रकार ठरावा, म्हणजे दर निवडणुकीला प्रमाणपत्रांची फाईल घेऊन नव्या खिडकीपुढे उभं राहावं लागणार नाही. तोवर निदान केंद्राध्यक्षांना सहकाऱ्याचा आजार आणि त्याच्या पिशवीतलं इंजेक्शन कशासाठी आहे, एवढं तरी आधी कळवलं जावं.

– एक प्राथमिक शिक्षिका, सोलापूर जिल्हा
(कृपया नाव छापू नये.)