डॅम्पिंग ५ टक्के, पण कोणत्या मोडला?

महोदय,

भूकंपरोधक बांधकामांच्या अहवालांत ‘डॅम्पिंग ५ टक्के’ अशी एक ओळ हमखास असते. डॅम्पिंग म्हणजे कंपनाची ऊर्जा जिरवण्याची क्षमता; डोलणे अजिबात होऊ न देण्यास जेवढे डॅम्पिंग लागते, त्याच्या टक्क्यांत ती मोजतात. हे ५ टक्के कोणत्या मोडचे, म्हणजे हलण्याच्या कोणत्या तऱ्हेचे, ते मात्र लिहिलेले नसते. इमारत किंवा धरण एकाच तऱ्हेने हलत नाही. सावकाश डोलणे हा पहिला मोड. त्याच्या जोडीला जलद, नागमोडी हेलकावे असतात, आणि प्रत्येकाची ऊर्जा वेगळ्या वेगाने जिरते.

संगणकावर सर्रास रॅले पद्धत वापरतात. तिच्यात डॅम्पिंग दोन वाट्यांतून बनवतात: वस्तुमानाच्या प्रमाणातला वाटा संथ मोडना दाबतो, ताठरतेच्या प्रमाणातला जलद मोडना. उंच मनोऱ्यासाठी ०.२ आणि २ हर्ट्झवर ५ टक्के जुळवले, की मध्ये ०.६३ हर्ट्झला २.९ टक्केच उरतात. ५ हर्ट्झला ११.५ आणि १० हर्ट्झला जवळपास २३ टक्के होतात. जलद मोडचे बल कागदावरच विरून जाते.

कोयनेचे उदाहरण तर घरचेच. ११ डिसेंबर १९६७च्या भूकंपात या १०३ मीटर उंच धरणाच्या पाण्याविरुद्धच्या (नदीच्या खालच्या प्रवाहाकडील) बाजूचा उतार जिथे एकदम बदलतो, तिथे आडव्या भेगा पडल्या. आज जगभर विश्लेषणाच्या पद्धती याच धरणावर तपासतात. त्यात अनेकदा फक्त ताठरतेचा वाटा घेऊन ३ हर्ट्झच्या पहिल्या मोडला ३ टक्के धरतात. मग ८ हर्ट्झच्या दुसऱ्या मोडला आपोआप ८ टक्के मिळतात, चौथ्याला १५हून जास्त. त्याहून घातक म्हणजे, भेग उघडल्यावरही डॅम्पिंगसाठी मूळ ताठरताच ठेवली, तर खोटे बल भेगेचे काठ धरून ठेवते आणि नुकसान कमी दिसते. वस्तुमानाचा वाटा घेतला, तर सुटलेला माथा चिकट द्रवात बुडाल्यासारखा अडतो.

म्हणून भेगेबरोबर घटणारी ताठरताच डॅम्पिंगला लावावी. ९० टक्के वस्तुमान सामावणाऱ्या सर्व मोडचे डॅम्पिंग अहवालात तक्त्याने छापणे सक्तीचे करावे. शक्य तिथे प्रत्यक्ष मोजावे. मोकळ्या कंपनाचा आयाम (झोक्याचा विस्तार) ११ आवर्तनांत निम्मा झाला तर डॅम्पिंग १ टक्का, सव्वादोन आवर्तनांत झाला तर ५. त्याआधी नोंदीतून एकच मोड गाळून घ्यावा. दोन जवळचे मोड मिसळले की आयाम वरखाली होतो आणि उत्तर चुकते. वाऱ्याच्या बारीक थरथरीत मिळालेला आकडाही भूकंपाला जसाच्या तसा लावू नये. मोठ्या हादऱ्यात भेगा घासतात, सांधे सरकतात आणि डॅम्पिंग वाढते.

– एक स्थापत्य अभियंता, कराड