बाबा, त्या भिंतीसाठी तरी या

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "डेट्रॉईटला येऊन बघायचं काय? कारखानेच ना? ते चिंचवडला जन्मभर पाहिले." तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. काल रविवारी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवरून नदीपासून चालत निघालो, तेव्हा सुचलं.

हा इथला मुख्य रस्ता. नदीकाठाहून निघतो तो थेट पाँटियाक गावापर्यंत जातो. आई, नदीपलीकडे कॅनडा दिसतो, आणि इथून तो चक्क दक्षिणेला आहे! रस्त्याच्या तोंडाशीच जो लुई या बॉक्सरच्या स्मरणार्थ एक हात टांगलाय. नुसता हात, आवळलेल्या मुठीचा, 24 फूट लांब. 1805 साली सगळं गाव जळून गेलं, मग न्यायाधीश वुडवर्ड यांनी नवा आराखडा आखला. त्यांचंच नाव रस्त्याला. 23 जून 1963 रोजी मार्टिन ल्यूथर किंग इथूनच सुमारे सव्वा लाख माणसांसोबत चालले. तुमच्या खांद्यावर बसून पाहिलेला युनियनचा मोर्चा मला आठवला.

पण मला तुम्हाला न्यायचंय ते आणखी पुढे, कलासंग्रहालयात. तिथल्या एका दालनाच्या चारही भिंती मेक्सिकोच्या दिएगो रिवेरांनी 1932-33 मध्ये रंगवल्या. त्यासाठी फोर्डच्या रूज कारखान्यात जाऊन त्यांनी कामं चालू असताना रेखाटनं केली. उत्तरेच्या भिंतीवर व्ही-8 इंजिन तयार होतंय: वर भट्टी, खाली ड्रिलिंग, कन्व्हेयर, आणि पाय रोवून ओढणारी, वाकलेली माणसं. मालक नाही, कामगारच भिंतभर. त्यातली एक पाठ मी ओळखली, बाबा. तिसऱ्या पाळीहून आल्यावर मोरीपाशी हात धुताना तुमची पाठ अशीच दिसायची. मी बराच वेळ तिथल्या बाकावर बसून होतो.

आई, पूर्वेच्या भिंतीवर कंदाच्या गाभ्यात निजलेलं एक बाळ आहे. ते तुला दाखवायचंय.

2013 मध्ये हे शहर दिवाळखोर झालं. संग्रहालयातली चित्रं विकावी लागतील, अशी वेळ आली होती. शेवटी संस्थांनी आणि राज्य सरकारनं पैसे उभे केले. चित्रं वाचली, पालिकेच्या निवृत्तांच्या पेन्शनला मात्र कात्री लागलीच, भीती होती त्याहून कमी. पेन्शनची कात्री म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको.

आईच्या गुडघ्यांची काळजी नको. नदीजवळून संग्रहालयापर्यंत ट्रॅम आहे, तिकीटही लागत नाही. थंडी सरली की, मे अखेरीस या. पासपोर्टची मुदत कधी संपते ते तेवढं बघून कळवा. आणि बाबा, लांबचा चष्मा विसरू नका, वरची चित्रं फार उंचावर आहेत.

तुमचा,
धाकटा