शब्दांवाचून शोक कळतो

‘शब्द नसतील तर सुरांतले दुःख ऐकणाऱ्यापर्यंत पोचत नाही’ असा सूर लावणारा लेख रविवारच्या पुरवणीत वाचला. तो पटला नाही.

व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नसतात आणि पेटीसारख्या पट्ट्याही नसतात. त्यामुळे बोट एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाते. गळा दाटून आला की आवाज असाच घसरतो. आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त शिक्षकांनी पत्नीच्या तेराव्याला व्हायोलिनवर शिवरंजनी राग वाजवला. पंचमावरून कोमल गंधारावर उतरताना त्यांचे बोट मध्येच रेंगाळले, गज तारेवर जेमतेम टेकलेला. पंगतीची पाने मांडणारी मुलेसुद्धा हातातली पाने तशीच धरून उभी राहिली. शब्द एकही नव्हता.

हे फक्त आपल्या रागांचे नाही. स्कॉटलंडचे फिडलवादक (म्हणजे व्हायोलिनवादकच) नील गॉ यांनी दुसरी पत्नी गेल्यावर बांधलेली धून 200 वर्षांनंतरही वाजवली जाते. गंमत म्हणजे ती पाश्चात्त्य संगीतात उदास समजल्या जाणाऱ्या मायनर स्वरमालेत नाही, आनंदी समजल्या जाणाऱ्या मेजरमध्ये आहे. तिथे दुःख उतरते ते संथ लयीतून आणि लांबवलेल्या स्वरांतून.

मिरजेच्या तंतुवाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाल्याचा आपल्याला अभिमान आहे. मग त्याच जिल्ह्यात वाद्यसंगीताला ‘गाण्याची साथ’ एवढ्यावरच का थांबवायचे? पुरवणीने केवळ वादनावर एखादा लेख जरूर छापावा.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली